अठरा गाठी

पेडल फिरत होतं, चेन फिरत होती, मागचं चाक मात्र ढिम्म. बाइंडिंगवाल्या बाईंनी सायकल उलटी केली, पुन्हा सुलटी केली, एक सणसणीत शिवी हासडली आणि रस्त्याकडेला बसकण मारली. समुद्र अजून चाळीस किलोमीटर लांब होता.

नऊ दिवस त्यांनी समोरचा वारा अंगावर घेतला होता, दोनदा कुत्र्यांच्या तोंडून पोटरी वाचवली होती, एक रात्र पेट्रोल पंपाच्या बाकावर काढली होती. रडू कशानंच आलं नव्हतं. आता डोळे भरून आले, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

फोन वाजला. थोरला भाऊ.

"चिमणे, कुठंयस?" पन्नाशी उलटली तरी दादासाठी त्या चिमणीच.

"पुलाचं काम चाललंय तिथं. चाक गेलं." खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

"मग बस तिथंच. तासाभरात गाडी घेऊन आलो."

दादा कालपासूनच समुद्रकाठच्या गावात टपून बसला होता. पैज सरळ होती. एकटीनं, सायकलवर समुद्र गाठला, तर दादानं दुकानाचा विषय पुन्हा काढायचा नाही. एकदा जरी गाडीत बसली, तर वह्या-पुस्तकं बांधायच्या त्या दुकानाला कुलूप आणि मुक्काम दादाच्या माडीवरच्या खोलीत. खोली छान होती. पडदेसुद्धा लावून झाले होते.

पुलाच्या सळयांच्या जाळीवरून एक माणूस उतरून आला. कमरेला बारीक तारेचं भेंडोळं, हातात लोखंडी आकडा. सळईवर सळई आली की तिथं तारेची गाठ मारायची, एवढंच त्याचं दिवसभराचं काम.

"काय झालं, मावशी?"

"फ्रीव्हील गेलं. चेनच्या दातेरी चकत्या नुसत्याच फिरतायत, चाकाला धरतच नाहीत. सायकलचं दुकान कुठंय?"

"तुम्ही आलात त्या बाजूला. तीस किलोमीटर."

"मग मला नको ते दुकान."

तो हसला आणि चाकापाशी उकिडवा बसला. "सायकलीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण सुटलेलं बांधता येतं."

मागे सहा चकत्या होत्या. सगळ्यांत मोठीला भोकं होती. त्यानं भोकातून तार ओवली आणि शेजारच्या आऱ्याला आवळली, सळईला आवळतो तशी, सगळ्या जोरानिशी. बाईंनी पेडल दाबलं मात्र, आरा वाकला. त्यानं जीभ चावली.

"सळई वाकत नाही ना. हाताला तीच सवय."

"एकट्यावर भार टाकलात म्हणून." बाई त्याच्या शेजारी बसल्या. "एकाच पानावर ओढ आली की वही फाटते. सगळ्यांवर वाटून द्या. आणा तो आकडा."

"आकडा नाही द्यायचा. जागा तुम्ही दाखवा, गाठ मी मारतो. अडीच पीळ. तिसरा दिला की तार तुटते."

दोघांची डोकी चाकावर वाकली. त्या बाजूला अठरा आरे, म्हणून अठरा गाठी. अकराव्या गाठीला जेवणाची सुटी संपल्याची शिट्टी झाली. त्याचा डबा उघडलासुद्धा नव्हता. मुकादम वरून ओरडला, "अरे, बांधणी कोण करणार?"

"बांधणीच करतोय!" तो खालून ओरडला.

शेवटची गाठ मारून त्यानं चाक हातानं फिरवलं. पेडलही फिरलं. तो विचारात पडला. "मावशी, हे तर आता सुटतच नाही. चाक फिरेल तोवर पाय मारावे लागणार. उतारावर काय कराल?"

"पाय मारीन."

तेवढ्यात दादाची गाडी आली. दादानं आधी थर्मास काढला, मग मागचं दार उघडलं. "सीट पाडून ठेवलीय. सायकल आत टाक, तू पुढं बस."

बाईंनी चहा घेतला. उभ्यानं. गाडीला टेकल्यासुद्धा नाहीत.

दादानं चाक पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "तारांनी बांधलेली सायकल! काय हो, टिकणार आहे का हे?"

"पूल टिकतात, साहेब," सळया बांधणारा म्हणाला. उरलेली तार त्यानं बाईंच्या हँडलला गुंडाळली आणि बाईंनी काही म्हणायच्या आत जाळीवर चढला.

चढावर सायकल ढकलावी लागली. पेडल आपलं आपण फिरत होतं आणि दर फेरीला नडगीवर आपटत होतं. दादा गाडी बैलगाडीच्या वेगानं शेजारून चालवत होता. त्यानं तीनदा दार उघडलं, बाईंनी तीनदा लाथेनं लावलं.

मग उतार लागला. बाईंनी टांग मारली. ब्रेक दाबून धरले तरी पाय शिवणयंत्रासारखे फिरायला लागले. मांड्या पेटल्या. दादानं खिडकीतून डोकं काढलं.

"अगं बये, उतारावर तरी पाय थांबव!"

"आता ते जमायचं नाही, दादा!" बाई ओरडल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं.

दादा आणखी काहीतरी बोलला, ते वाऱ्यात गेलं. थोड्या वेळानं गाडी शेजारी दिसेना, म्हणून बाईंनी मान वळवली. ती त्यांच्या मागं होती, दोन्ही पिवळे दिवे लावून. दादा खिडकीतून हात काढून मागच्या ट्रकला सांगत होता, बाजूनं जा, बाजूनं.