दिवेलागणीची गाडी

धम्मरत्नने दाराची मूठ दोनदा ओढून पाहिली आणि मान हलवली. बॅटरी पार बसली होती. भोसरीच्या गॅरेजमधून तो नवी बॅटरी घेऊन आला होता, पण दारच उघडेना, तर बसवणार कुठं?

"किल्ली कुठाय, काका?"

मालोजी घरात गेले. पुढच्या खोलीत समर्थचा हार घातलेला फोटो होता आणि त्याखालच्या फळीवर गाडीची किल्ली, कुंकवाचं बोट लावलेली. किल्ली उचलताना त्यांना उगाच चोरट्यासारखं झालं. पोराच्या खिशात हात घालावा तसं.

धम्मरत्नने किल्लीच्या पोटातून एक बारीक लोखंडी पातं बाहेर काढलं आणि त्यानं दार उघडलं. लाल, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. हौसेला मोल नसतं हे खरं, पण ही गाडी घेऊन महाळुंग्यात राहायचं म्हणजे कमालच. कंटेनरच्या रांगेत ती कधी दुसऱ्या गिअरच्या वर गेली नाही आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला तिचं पोट घासलं. समर्थ हसायचा. "आबा, पळायला जागा न्हाई तर न्हाई. उभी तरी किती झ्याक दिसती!"

तो गेला तोही गाडीत नाही. घरात, झोपेत, फाल्गुनात. तेव्हापासून गाडी शेडमधून हलली नव्हती.

हलली नव्हती, पण रोज दिवेलागणीला जागी होत होती. रुक्मिणीबाई फोटोपुढं दिवा लावायची, पदरानं किल्ली पुसायची, कुंकू लावायची, आणि खिडकीबाहेर शेडमध्ये गाडीचे दिवे लागायचे. मिटलेले आरसे सावकाश बाहेर उघडायचे. थोड्या वेळानं सगळं पुन्हा शांत. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मालोजींच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याबद्दल नवराबायको एकमेकांशी कधी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र मालोजी संध्याकाळ झाली की खिडकीशी खुर्ची ओढून बसू लागले. बायकोसाठी, असं ते स्वतःला सांगत. एकटीनं असलं काही बघणं बरं नव्हे.

मग गेल्या आठवड्यात दिवे लागलेच नाहीत. त्या रात्री मालोजी भाकरीचा तुकडा मोडून पानावरून उठले. त्यांच्यामागून जेवणाऱ्या रुक्मिणीबाईनं आपलं ताट वाढूनच घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ही अशीच राहिली तर पोरामागं जाईल, या धास्तीनं मालोजींनी धम्मरत्नला फोन केला होता.

नवी बॅटरी बसली. दिवे लागले, आरसे उघडले.

"काका, किल्ली कुठं ठेवता तुम्ही?" धम्मरत्नने हात पुसत विचारलं.

"पोराच्या फोटोम्होरं."

"म्हणजे या भिंतीच्या पलीकडं? मग बरोबर आहे. किल्ली जवळ हलली की गाडीला वाटतं, मालक आला. दिवे लावते, आरसे उघडते, वाट बघते. कुणी येत नाही, मग परत झोपते. रोज असं झालं आणि गाडी चालवलीच नाही, तर बॅटरी बसणारच. किल्ली मागच्या खोलीत ठेवा."

"म्हंजी ते किल्लीमुळं? दुसरं काय न्हाई?"

"दुसरं काय असणार?"

मालोजी मटकन पायरीवर बसले. समर्थ दुसऱ्यांदा गेला होता. ते एवढंच म्हणाले, "ह्यातलं घरात बोलू नगंस."

धम्मरत्न गेल्यावर त्यांनी किल्ली पुन्हा होती तिथंच ठेवली. दोघांपैकी एकानं तरी खुळं राहिलेलं बरं.

दिवेलागण झाली. मालोजी खुर्चीत बसले. रुक्मिणीबाईनं दिवा लावला, हात जोडले. किल्लीला मात्र तिनं हात लावला नाही.

"किल्ली पुसायची ऱ्हायली," मालोजी म्हणाले.

"आज तुमीच पुसा."

"का गं?"

"मला पयल्यापासनं ठावं हाय. किल्ली उचलली की दिवं लागत्यात."

मालोजी खिडकीकडून तिच्याकडं वळले. "मंग रोज कशापायी उचलत व्हतीस?"

"तुमी खुर्ची वढून बसत व्हता. दिवं बघून उठला की दोन घास जास्ती जात व्हतं तुमच्या पोटात." तिनं डोळ्यांना पदर लावला. "त्यो ग्यारेजवाला काय म्हनला ते भिंतीआडनं ऐकलंय म्या. न्यायची आसंल मागल्या खोलीत, तर तुमीच न्या. माझ्यानं न्हाई व्हायचं."

मालोजी उठले. मागच्या खोलीत न्यायची असं ठरवूनच त्यांनी किल्ली उचलली. बाहेर दिवे लागले. आरसे उघडले. वाट बघते, असं धम्मरत्न म्हणाला होता. कुणी येत नाही, मग परत झोपते.

त्यांचे पाय मागच्या खोलीकडं वळलेच नाहीत.

"आलो रे," ते म्हणाले आणि अनवाणीच शेडकडं निघाले. दार उघडून गुडघे सांभाळत ते आत शिरले, डावीकडच्या सीटवर. स्टिअरिंगपुढची जागा त्यांनी मोकळी ठेवली.