हिरवं तेवढं राखलं

प्रेमलाबाई खूश झाल्या, तर इसहाकला राहायला जागा मिळणार होती आणि दयाला बाप जवळ मिळणार होता. बाईंना त्यात काय मिळणार, हे कुणी पाहिलं नव्हतं. मागणारे ती बाजू सहसा पाहत नाहीत.

नगरच्या त्या मिशन शाळेत मास्तरणींच्या खोल्यांत पुरुषमाणूस राहू द्यायचा नाही, असा मुख्याध्यापिका प्रेमलाबाईंचा नियम. पण तिथं शिकवणाऱ्या दयाची आई गेली आणि मिरजगावात तिचा म्हातारा बाप इसहाक एकटा पडला. "सुट्टीपुरतं राहू दे, आल्यावर बघू," असं म्हणून बाई पाचगणीला गेल्या. जाताना आपली वेल दयावर सोपवून गेल्या.

लष्करी बिस्किटांच्या डब्यात लावून व्हरांड्यात टांगलेली वेल. पांढऱ्या-गुलाबी पट्ट्यांची पानं कठड्यापर्यंत लोंबणारी. बाईंच्या धाकट्या बहिणीनं ती लावली होती. बहीण लढाईच्या सालात तापानं गेली.

"नुसता हिरवा कोंब दिसला की खुडायचा," बाईंनी बजावलं होतं, "नाहीतर पट्टे जातात." दया सुट्टीभर खुडत राहिली. पाणीसुद्धा मातीत बोट घालून बघूनच घाले.

आज ती बाईंना आणायला स्टेशनवर गेली होती. टांगा फाटकात शिरला, तेव्हा इसहाक धोतराला हात पुसत व्हरांड्यात उभा होता. डब्यातून एकच हिरवी काडी लोंबत होती.

"सलाम, बाई. थोडक्यात वाचली बगा," तो म्हणाला. "केवडा रोग पडला हुता. ज्वारीवर पडतो तसाच, पट्टंच पट्टं. रोगट तेवढं समदं उपटलं, हिरवं तेवढं राखलं."

"उपटलेलं कुठंय?" बाईंनी विचारलं. त्या वेलीचं एक पेर मातीत खोचलं तरी रुजतं, हे दोघींना ठाऊक होतं.

"जाळलं. रोगाचं पान ठिवत न्हाईत. दुसऱ्याला लागतं."

दया पुढे झाली. "मीच सांगितलं होतं आबांना. चूक माझी आहे."

म्हातारा हसला. "चूक कशाची? आन् तू कवा सांगितलंस? दोन महिनं पानी घालती, हिला रोग दिसला न्हाई. मास्तरीन झाली, पर शेताचा डोळा न्हाई आला. हिचं ऐकू नका, बाई. समदं म्या केलं. फुकट ऱ्हातो हितं, तेवढं तरी."



बाईंनी डब्यात हात घातला. बुडख्याभोवती सावकाश बोटं फिरवली, काही राहिलंय का ते चाचपत. मग हाताची माती झटकली.

"नाही ऐकत तिचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही होतात म्हणून वाचली, आबा."

"मंग ऱ्हाऊ का मी?"

"राहा. पाणी आता तुम्हीच घालत जा."

इसहाकला जागा मिळाली. दयाला बाप मिळाला. दिवाळीपर्यंत वेल हिरवीगार होऊन कठड्याखाली उतरली, आणि म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ती दाखवू लागला.

वेलीखाली रोज मांडली जाणारी बाईंची चहाची खुर्ची तेवढी मागच्या पडवीत गेली, स्वयंपाकघराच्या धुराकडे तोंड करून.