एक टक, दोन टक

"आठ," टक, "दहा बायका, स्वल्प, आणि पंखा एकच, पूर्ण," अनुपमाबाईंनी वाचलं.

दत्ताराम परब खुर्चीत रेलून, डोळे मिटून ऐकत होते. उघडे ठेवूनही काही फरक पडला नसता. काचबिंदूने त्यांची नजर दोन वर्षांपूर्वीच पुरती नेली होती. अंधेरीच्या प्रकाशकांना मात्र त्यांनी हे कळवलं नव्हतं. उभा जन्म प्रुफं तपासण्यात घालवलेल्या माणसाने ते कळवावं तरी कोणत्या तोंडाने?

प्रुफांचा गठ्ठा कुरियरने यायचा, कुरियरने जायचा. मधलं काम भांडुपच्या ह्या टेबलावर नवरा-बायको मिळून करत. रीत जुन्या छापखान्यातली. एकाने कानामात्रा, विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकून चूक धरायची. दोन शब्द जोडणारा आखूड हायफन आला की टेबलावर बोटाने एक टक, वाक्याला थांबवणारा लांब डॅश आला की दोन. खालच्या मजल्यावरच्या प्रेमा नावाच्या शेजारणीची ठाम समजूत होती की परबांकडे रोज दुपारी लसूण ठेचतात.

आजचं पुस्तक म्हणजे बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरी केलेल्या एका नर्सच्या आठवणी. अनुपमाबाई त्यात अगदी रंगून गेल्या होत्या.

"बाळ शेवटी रडलं," टक टक, "आणि आम्ही सगळ्या हसलो, पूर्ण."

"झकास. पुढे."

"काकू, पण इथे तर हायफन छापलाय."

हा आवाज तिसराच होता, आणि अगदी जवळून आला होता. दत्ताराम दचकले. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "कोण?"

शब्द तोंडातून गेला आणि त्यांना कळलं, वाट लागली. बोलणारी त्यांच्या पुढ्यात, टेबलापलीकडे अनुपमाबाईंच्या मागे उभी होती. डोळस माणूस पुढ्यातल्या माणसाला असं विचारत नाही.

"मी रश्मी, काका. अंधेरीच्या ऑफिसातली. आपण फोनवर बोलतो ना, तीच. छापखान्याला पानं आजच हवीत, म्हणून न्यायला आले. फोन कोणी उचलेना, आणि दार उघडंच होतं." एवढं बोलून ती थांबली. तिच्या थांबण्यावरूनच दत्ताराम समजले, हिच्या लक्षात आलं.

"दिसत नाही मला," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. तुमच्या साहेबांना सांगायचं तर सांगा." हे काम गेलं तर सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता, आणि स्वतःला विचारायची त्यांची छाती नव्हती.

रश्मीने स्टूल ओढलं. "काका, ऑफिसात आम्हाला वाटत होतं, तुमचं अक्षर सुधारलं. मार्जिनमधल्या खुणा कशा छान गोल गोल यायला लागल्या!"

अनुपमाबाईंनी हातातलं लाल पेन गुपचूप खाली ठेवलं. त्याचा आवाज दत्तारामांना बरोबर ऐकू आला. पण त्यांचं डोकं अजून त्या हायफनमध्येच अडकलेलं होतं. जित्याची खोड.

"अगं, छापलाय हायफन, मग तू दोन टक का दिलेस?"

"दोन दिले?" अनुपमाबाईंनी पान पुन्हा पाहिलं. "अगोबाई, खरंच की. हात आपोआप गेला. अहो, बाळ रडल्यावर त्या बायकांचा जीव भांड्यात पडला असेल ना? तिथे क्षणभर थांबायला नको?"

"थांबायलाच हवं. पण छापलंय तेच वाजवायचं. वाचणाऱ्याने अक्कल चालवायची नसते."

"म्हणजे छापलेलं चूक, मी वाजवलं ते बरोबर, आणि बोलणी खायची मीच? गप रवा जरा!"

रश्मीला हसू आवरेना. दत्तारामांना खरं तर रागवायचं होतं. ह्या बाईने अशा किती चुका मनातल्या मनात सुधारून घेतल्या असतील आणि त्या तशाच छापून गेल्या असतील, देव जाणे. पण राग काही येईना. पहिल्या महिन्यात 'एक टक कशाला आणि दोन कशाला' हे दर पानाला विचारणारी बाई ही! शिकली कधी, आणि आपल्याला कळलं कसं नाही? त्यांना मनापासून बरं वाटलं.

"काका, एक सांगू?" रश्मी म्हणाली. "काकूंना वाचतानाच चूक कळते. मग तिथल्या तिथे पेन चालवू दे ना त्यांना. अडलं तर तुम्ही आहातच. गठ्ठे इथेच येतील, साहेबांशी मी बोलते."

"ते ऐकतील?"

"पुस्तक चांगलं निघाल्याशी त्यांना मतलब. फक्त एक करावं लागेल." तिने गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं पान काढलं. पुस्तकाला हातभार लावणाऱ्यांची नावं त्यावर होती. "मुद्रितशोधनाच्या पुढे तुमचं एकट्याचं नाव आहे. आता दोघांचं घालते."

"इश्श, माझं कशाला?" अनुपमाबाई घाईघाईने म्हणाल्या. "मी काय, नुसती वाचते."

"मुद्रितशोधक दुसरं काय करतो?" दत्ताराम म्हणाले.