वेचणाऱ्याचा घोट

जावयाच्या हातांवर एकही ओरखडा नव्हता.

कोस्टान्झोने पुन्हा नीट पाहिलं. एव्हाझिओ टोपलीतलं जुनिपर तांब्याच्या भट्टीशेजारी ओतत होता. फळं निळीकाळी, टपोरी. हात मात्र चर्चमधल्या पाद्र्यासारखे गुळगुळीत.

"सगळं तूच वेचलंस?"

"हो, बाबा."

"वरच्या कड्यावरून?"

"वरच्याच." एव्हाझिओने मान वर केली नाही.

"भाताच्या खाचरातला बेडूक कड्यावर चढला म्हणायचा!"

एव्हाझिओ खाली वेर्चेल्लीकडचा, सपाट भातशेतीतला. डोंगरातल्या सासऱ्याने त्याला बेडूक म्हणायचं आणि त्याने हसायचं, हे लग्नापासून ठरलेलं. आज तो हसला नाही.

जिन दारूत पडणाऱ्या जुनिपरचं झुडूप काटेरी असतं. हात घातला की मनगटापर्यंत सोलवटून निघतो. हातमोजे घालून वेचलं तर फळं चिरडतात, म्हणून कोणी ते घालत नाही. त्याच कड्यावर, त्याला अगदी खेटून, साबिना वाढते. फळं तशीच निळी, पण पानं मऊ, अजिबात न टोचणारी. आणि ती विषारी. खोऱ्यातल्या शेळ्यासुद्धा तिला तोंड लावत नाहीत.

दुसऱ्या कोणा भट्टीवाल्याने एक फळ चुरगळून हुंगलं असतं आणि प्रश्न मिटवला असता. कोस्टान्झोनेही चुरगळलं. हुंगलं, चावलं. काही म्हणजे काही लागलं नाही. गेल्या हिवाळ्यातल्या तापात त्याचं नाक गेलं होतं, जीभही गेली होती. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्या जिनच्या बाटल्या पार तोरिनो शहरापर्यंत जात, त्या या नाकाच्या जोरावर. त्याला लाज वाटे, आणि लाजेपायी तो सगळ्यांवर खेकसत राही.

"तुम्ही आता आराम करा बाबा, भट्टी मी बघतो," असं एव्हाझिओ वर्षभर म्हणत होता. आणि परवा स्वयंपाकघराच्या दाराशी कोस्टान्झोने त्याला म्हणताना स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "बाबांना कळता कामा नये. निदान जिन तयार होईपर्यंत तरी."

त्यावर मुलीचं, देल्फिनाचं, उत्तर भांड्यांच्या आवाजात बुडालं. पोरगी भोळी. या बेडकाने तिला काय सांगून गप्प केलं असेल, कोण जाणे.

दुपारी तिने मक्याच्या पिठाची पोलेंता वाढली, तीही लोकरीचे हातमोजे घालून. या आठवड्यात तिला फारच थंडी वाजत होती.

"घरात कसले हातमोजे? राणीसाहेब झालात का?"

"वाजते मला थंडी. तुम्ही जेवा बघू."

"कड्याकडे तर नाही ना फिरकलीस?"

"शपथ घातलीय ना तुम्ही? मग?"

त्या कड्यावरून तिची आई, ऑर्सोला, जुनिपर वेचताना घसरली होती. तिला खाली आणलं तेव्हा टोपलीचा पट्टा अजून तिच्या खांद्यावर होता. त्यानंतर दरवर्षी कोस्टान्झो एकटाच चढायचा. यंदा गुडघ्यांनी दगा दिला.

त्याने भट्टी लावली. जुनिपर, लिंबाची साल, डोंगरातला थोडा ओवा. दारूला स्वतःचा स्वभाव नसतो, आत टाकाल तो ती घेते, असं तो आल्यागेल्याला ऐकवत असे. आज तेच वाक्य त्याच्या डोक्यातून हलेना. नळीतून स्वच्छ धार पडत होती आणि तिचा स्वभाव त्याला कळत नव्हता.

या घरात नव्या जिनचा पहिला घोट वेचणाऱ्याचा. भट्टीवाल्याचा त्यानंतर. लहान ग्लास, एका दमात रिकामा करायचा, चाखत बसायचं नाही.

वरच्या फळीवर मागे एक काळी कुपी होती. वडिलांच्या काळात लांडगे मारायला केलेला बचनागाचा अर्क. कोस्टान्झोने ती उतरवली. एक ग्लास भरला, त्यात अर्क ओतला आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवला. साबिना मला पाजतोस काय? आधी हे पी. मात्र पोराने आपण होऊन कबूल केलं तर ग्लास उलटवून टाकायचा, एवढंही त्याने ठरवलं होतं. शेवटी देल्फिनाचा नवरा होता तो.

एव्हाझिओ आला, समोर उभा राहिला.

"घ्या, जावईबापू. मान तुमचा."

एव्हाझिओने ग्लास उचलला. ओठांपर्यंत नेला. आणि खाली घेतला.

"काय झालं? घशाखाली उतरत नाही?"

"बाबा, मला एक कबूल करायचंय."

कोस्टान्झोच्या छातीवरचं ओझं एकदम हललं. ग्लास उलटवायला त्याने हात पुढे केला. "बोल."

"मी वेचलं नाही. निम्म्या वाटेवरच मला गरगरायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी कड्यावर चढलोच नाही."

"मग कोणी—"

दार ढकलून देल्फिना आत आली. गाल लाल, चेहऱ्यावर लहानपणी चोरी पकडली गेल्यावर असायचं तेच हसू.

"सांगून टाकलंस ना? पोटात काही राहील तर शपथ!" हातमोजे ओढून काढत तिने नवऱ्याच्या हातातला ग्लास काढून घेतला. "बाबा, रागवायचं ते मागाहून रागवा. पण पहिला घोट माझा."

नखांपासून मनगटापर्यंत तिचे दोन्ही हात काट्यांनी सोलवटलेले होते, आणि कोस्टान्झोच्या तोंडून शब्द फुटायच्या आत तिने ग्लास एका दमात रिकामा केला.