हात न ओळखणारी भिंत

वैजयंतीने सवयीने भिंतीवर हात टेकवला आणि तिची बोटं दगडावर आपटावीत तशी ठेचली. एरवी तिचा हात ओळखून भिंतीतले कण एकमेकांना सोडत, भिंत दाट पाण्यासारखी होई आणि ती आत शिरे. आज कण जागचे हलले नाहीत.

“तुझा हात मी नोंदीतून काढलाय,” आतून तिचा नवरा हेमंत म्हणाला. “आता आईकडेच राहा.”

आजारी आईची शुश्रूषा करून ती नुकतीच परतली होती. घर दोघांनी मिळून घेतलेलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेजारच्या सोनार पोतदारकाकांकडून तिने दागिने सांधायची गॅसची फुंकणी आणली.

“अगं, तापवलीस तर भिंत वितळेल,” काका म्हणाले. “पुन्हा उभी राहायची नाही.”

“नाही राहिली तरी चालेल, काका.”

ज्योत लागताच कण थरथरले, मग जागा सोडून एकमेकांवरून घसरू लागले. दाराएवढी भिंत जिन्यावर ओघळली. आत चहाचा कप धरून हेमंत उभा होता. बाहेर जमलेला अख्खा मजला त्याच्याकडे बघत होता.

“वेड लागलंय तुला. आता कुणीही आत येईल,” तो म्हणाला.

“येईल ना,” वैजयंती म्हणाली. “पहिली मी.”

आणि तो राडा ओलांडून ती आपल्या घरात गेली.