बाबांची जुनी लेन्स

बाबांचा चिपळूणचा फोटो स्टुडिओ बंद झाला, तरी त्यांनी आपली आवडती लेन्स विकली नव्हती. म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीला मी नवा मिररलेस कॅमेरा आणला आणि अ‍ॅडॅप्टर लावून त्यावर तीच लेन्स बसवली.

“हिला ऑटोफोकस नाही, वृंदा. हातानंच फिरवावं लागतं. बस समोर!” बाबा खुशीत म्हणाले. कॅमेरा डोळ्याला लावून त्यांनी सवयीनं रिंग फिरवली, बटण दाबलं. “बघ, कसा स्वच्छ आलाय!”

मी स्क्रीन बघितली. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर तारखांसकट स्पष्ट होतं. माझ्या चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग होता. आयुष्यात बाबांचा फोकस कधी चुकला नव्हता.

“बाबा, मी दिसते का तुम्हाला?”

त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. “सगळं धुक्यासारखं दिसतं. चेहरे तर दिसतच नाहीत.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

माझ्या सहा वर्षांच्या रेवाला रोज स्कूटरवरून शाळेत तेच सोडत होते. आजही सोडून आले होते.

“अहो, मग गाडी कशी चालवता?”

“रस्ता पाठ आहे गं.”

मी हळूच उठून भिंतीला टेकले. बाबांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि “घे” म्हणत, मी मघाशी बसले होते त्या रिकाम्या खुर्चीपुढे धरली.