मनोमिलन

“दोन मनं एक झाली, की बोट बाणासारखी सरळ जाते,” असं विजेत्या जोडीचे प्रशिक्षक प्रत्येक सत्कारात सांगत. जोडीतले दोघे सख्खे भाऊ त्या वेळी एकमेकांकडे पाठ करून बसलेले असत.

बोटीत प्रत्येकाच्या हाती एकच वल्हं, थोरल्याचं डावीकडे, धाकट्याचं उजवीकडे. ज्याचा जोर जास्त, तो बोट दुसऱ्याच्या बाजूला वळवणार. आपला भाऊ किती लेचापेचा आहे हे जगाला दिसावं, म्हणून दोघेही जीव खाऊन ओढत. बोट कुणालाच वळवता येत नसे, म्हणून सुवर्णपदकं मिळत गेली.

जागतिक स्पर्धेच्या आदल्या दिवशी आईने फोनवर रडून, शपथ घालून दोघांचा समेट घडवला.

“दादा, दमलास तर सांग हं, मी हळू मारतो,” पहिल्या फेरीत धाकटा म्हणाला.

“माझं सोड रे, तू खांदा जप.”

सहा बोटींत ते सहावे आले. हरलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी आणखी एक फेरी होती.



प्रशिक्षकांनी दोघांना चहाला नेलं आणि आईचा फ्लॅट पुढे कुणाच्या नावावर होणार, एवढंच विचारलं.